सपान जसंच्या तसं

(जालन्यातल्या विद्यापीठ उपकेंद्राचं ग्रंथालय. संशोधन कौशल्यांच्या कार्यशाळेचा तिसरा दिवस, जेवणाची सुट्टी. प्रशिक्षणाच्या खोलीत ग्रंथपाल धर्मराज सर आणि पीएच.डी.ची विद्यार्थिनी तृप्ती, दोघंच.)

तृप्ती: आधी तो प्रोजेक्टरचा पडदा बंद करा सर. हात जोडते.

धर्मराज: सगळे जेवायला गेलेत, तृप्ती. बघायला कुणी नाही.

तृप्ती: मी हाय ना बघायला. एवढं लाल तर माझ्या बहिणीच्या लग्नात बी नव्हतं.

धर्मराज: बस जरा. पाणी पी.

तृप्ती: छत्तीस जणांसमोर, सर! तुम्ही म्हणले, कोण देतं आपलं प्रकरण तपासायला, साहित्यचौर्य कसं पकडतात ते करूनच दाखवतो. अन् मीच शहाणी. हात वर केला. वाटलं, आपलं तर स्वच्छ हाय. निघालं शेहेचाळीस टक्के लाल, म्हणजे दुसऱ्याशी जुळणारं. मागच्या बाकावरच्या राधेश्यामनं तर हळूच शिट्टी मारली.

धर्मराज: ऐकली मी. त्याचं प्रकरण तपासलं की शिट्टी विसरेल तो.

तृप्ती: तुम्ही हसू नका ना. दिवाळीच्या आधी माझ्या गाइड मॅडमनं हेच प्रकरण तपासून घेतल्तं. चार टक्के होतं तेव्हा. एक शब्द न्हाई बदलला त्याच्यानंतर मी. मंग चारचे शेहेचाळीस कसे झाले?

धर्मराज: तू नाही बदललंस, संग्रह बदलला. मागच्या महिन्यात आपण जुने एम.फिल.चे प्रबंध टाइप करून संगणकात घातले. कपाटात धूळ खात होते, म्हटलं, मुलांना घरबसल्या वाचता येतील. त्यातल्या एकाशी तुझं जुळतंय. सन दोन हजार नऊ.

तृप्ती: दोन हजार नऊला मी आठवीत होते, सर.

धर्मराज: म्हणूनच संशय तुझ्यावर येतो. जो नंतर लिहितो त्याच्यावर.

तृप्ती: आज चार वाजेस्तोवर प्रमाणपत्र जमा करायचंय मला. तुमच्या सहीचं. दोनदा मुदत वाढवून घेतली, तिसऱ्यांदा देत न्हाईत. आज न्हाई दिलं तर नोंदणीच रद्द. सहा वर्षं गेली त्याच्यात. घरचे तर म्हणतातच, स्वप्नांवर कुणी पीएच.डी. करतं का.

धर्मराज: दहा टक्क्यांच्या वर असेल तर मला सही करता येत नाही. हे तुलाही माहीत आहे.

तृप्ती: माहीत हाय. काल तुम्हीच तीनदा सांगितलं.

धर्मराज: थांब, बघू तरी दे काय जुळतंय ते. पान एकशे बारा. ‘नदी उभी राह्यली व्हती. वाहत न्हवती. उभी.’

तृप्ती: सर?

धर्मराज: हं.

तृप्ती: वाचा ना पुढं. थांबले का?

धर्मराज: काही नाही. खिडकीतून ऊन येतंय पडद्यावर, अक्षर नीट दिसत नाही. हे तुला कुणी सांगितलं?

तृप्ती: चांगुणामायनं. आमच्या टेंभुर्णीच्या. खाली सगळं लिहिलंय बघा. नाव, वय, गाव, तारीख, रेकॉर्डिंगचा क्रमांक. 

धर्मराज: दिसतंय. छान लिहिलंयस. स्रोत असाच लिहायला पाहिजे.

तृप्ती: मंग चोरी कुठं झाली?

धर्मराज: शब्दाला शब्द जुळतोय, त्याचं काय करू? एवढं दोन माणसांचं आपोआप जुळत नाही.

तृप्ती: मायचं जुळतं. तुम्हाला मी सांगते कसं ते. आमच्या गल्लीत कुणाला जड सपान पडलं, म्हणजे जीव घाबरा झाला, दिवसभर पाठ सोडंना असं, की सकाळी तोंडात पाण्याचा थेंब न घेता मायच्या दारात जायचं. सांगायचं. ती ऐकून घेती, मंग तेच्या तेच आपल्याला म्हणून दाखवती. आपण म्हणायचं, बराबर. झालं, सपान तिच्यापाशी राहिलं. आपण हलके होऊन घरी. चहा प्यायला मोकळे.

धर्मराज: आणि पुढं कधी परत हवं झालं तर?

तृप्ती: तर मागायचं. म्हणून तर ती शब्द हलवत न्हाई. तिच्या सासूनं तिला शिकवलंय, शबुद हलला की सपान...

धर्मराज: ...आपल्या मालकाला ओळखत नाही.

तृप्ती: तुम्हाला कसं माहीत?

धर्मराज: इथंच आहे की. दोन हजार नऊच्या प्रबंधातही हेच वाक्य आहे.

तृप्ती: म्हणजे तो बी मायकडंच आल्ता! बघा, मी काय म्हणले? सोळा वर्षं झाली तरी तिनं तेच सांगितलं. जुळलं नसतं तर तिची चूक झाली असती.

धर्मराज: सॉफ्टवेअरला हे कोण सांगणार? त्याला जसंच्या तसं म्हणजे उचलेगिरी.

तृप्ती: ते राहू द्या. त्या माणसानं मायचं नाव कुठं लिहिलंय, ते दाखवा मला.

धर्मराज: ‘माहितीदार : एक वृद्ध स्त्री.’

तृप्ती: अन् नाव?

धर्मराज: एवढंच आहे.

तृप्ती: वृद्ध! साठीची असंल ती तेव्हा, कापूस वेचायला जायची रोजानं. तिच्या जिवावर याला पदवी भेटली अन् नाव लिहिताना काय हात दुखला का? कसा माणूस असंल, सर?

धर्मराज: असेल कुणीतरी घाईतला.

तृप्ती: तिच्या हातची भाकर खाल्ली असंल त्यानं. माय कुणाला उपाशी जाऊ देत न्हाई.

धर्मराज: खाल्ली असेल.

तृप्ती: उघडा ना ती फाइल. पहिलं पान उघडा. नाव तर कळू द्या त्या चोराचं.

धर्मराज: त्यानं तुझं प्रमाणपत्र होणार आहे का? आधी तुझं बघू. हे बघ, इथं एक बटण आहे. हे दाबलं की तो जुना प्रबंध मोजणीतून बाहेर जातो. परत चार टक्के. कुणाला कळणारही नाही.

तृप्ती: मंग दाबा की सर! एवढा वेळ जीव काढला माझा.

धर्मराज: आणि उद्या परीक्षकानं स्वतः तपासलं तर? तुझ्या तोंडी परीक्षेच्या दिवशी, पाच लोकांसमोर, पुन्हा लाल. तेव्हा तू काय सांगशील? ग्रंथपालानं बटण दाबलं होतं?

तृप्ती: मंग करू काय मी?

धर्मराज: त्या आधीच्या माणसानं लिहून दिलं पाहिजे. की हे शब्द माझे नाहीत, ह्या बाईंचे आहेत. आणि मी ते खात्री करून बघितलं, असं मला लिहिता आलं पाहिजे. मग सही करता येते.

तृप्ती: तो कशाला लिहून देईल? सोळा वर्षं गप बसलेला माणूस.

धर्मराज: त्याचं बघतो मी. खात्री कशी करायची ते सांग. तुझी रेकॉर्डिंग कुठं आहे?

तृप्ती: घरी, हार्ड डिस्कवर. टेंभुर्णीला जाऊन येईस्तोवर चार वाजून जातील. पण सर, रेकॉर्डिंग कशाला पाहिजे? माय इथंच हाय.

धर्मराज: इथं म्हणजे?

तृप्ती: बाहेर. वाचनकक्षात. पंख्याखाली बसवलंय तिला. तीन वाजता डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचंय, तिची सून म्हणली, तू चालली तर घेऊन जा. सकाळपासून बसली बिचारी. असे काय बघून राह्यले?

धर्मराज: काही नाही. ह्या इमारतीत आहेत त्या?

तृप्ती: हो. आणू का?

धर्मराज: आण. नाही, थांब, मीच जाऊ का? नको. तूच आण.

तृप्ती: ये माय, ये आत. इथं पायरी हाय, जपून. हे आमचे ग्रंथपाल सर.

चांगुणाबाई: बसू का सायब? लई चकचकीत खुर्ची हाय, घसरून पडंल मी.

धर्मराज: बसा ना. टेका पाठ. जेवलात का?

चांगुणाबाई: भाकर आणली व्हती बांधून, खाल्ली. तिथं लई गार वाटून राह्यलं. डोळा लागला माझा. एवढी माणसं बसल्याली अन् कुणी बोलंना. सगळी खाली मान घालून. मला वाटलं, सपानच पडून राह्यलं. एका पोरीला इच्यारलं, बाई, कुणी गेलं का? ती हसली.

तृप्ती: वाचत होते गं ते सगळे.

चांगुणाबाई: आता कळलं ना मला. अन् पुस्तकं तरी किती! ही समदी कुणी सांगितली आसत्याल?

धर्मराज: ज्यानं त्यानं आपापली लिहिली.

चांगुणाबाई: लिवली खरं. पर आधी कुणीतरी सांगितली आसंल का न्हाई?

तृप्ती: माय, सरांना ते नदीचं ऐकायचंय. तुझ्या सासूचं. मी लिहून घेतलं ना, ते बराबर हाय का बघायचंय त्यांना.

चांगुणाबाई: आत्ता? जेवण झाल्यावर?

तृप्ती: लई निकड हाय माय. त्याच्यावर माझं समदं अडलंय.

चांगुणाबाई: मंग सांगते. सासू माझी कधीची गेली, खाल्ल्या तोंडानं सांगितलं तरी तिला काय दुखायचं न्हाई. पंखा जरा हळू करा बाबा. आवाजात आवाज मिसळून राह्यला.

धर्मराज: केला. मी इकडं पडद्यावर दोन्ही लावून ठेवतो. डावीकडं तृप्तीचं, उजवीकडं ते जुनं. तुम्ही सांगा, मी ओळीवर बोट ठेवून येतो मागं मागं.

चांगुणाबाई: नदी उभी राह्यली व्हती. वाहत न्हवती. उभी. समदा गाव निजल्याला अन् ती माझ्या वाटंत उभी.

धर्मराज: बराबर.

चांगुणाबाई: मी म्हणलं, बाई, थकली का? ती म्हणली, मला घरी यायचंय. मी म्हणलं, माझं घर दोन खणाचं, तिसऱ्याला पाय पसराया जागा न्हाई. ती म्हणली, मी गोळा व्हईन.

तृप्ती: दोन्हीकडं तसंच हाय सर. बघा, ‘गोळा व्हईन’.

धर्मराज: बोलू नकोस मधे. सांगा माय.

चांगुणाबाई: मी तिच्या पाठीवर हात ठिवला तं ती म्हशीवानी गरम.

धर्मराज: काय?

चांगुणाबाई: म्हशीवानी गरम. तशी ती गोळा व्हाया लागली. लुगडं घडी घालावं तशी, ह्या काठावरनं त्या काठावर. गोळा झाली घागरीयेवढी. मी डोक्यावर घेतली. चालले चालले तं वझं लागंना. घरी येऊन उतरली, आत बघते तं पाणी न्हाई. निस्तं आभाळ. झालं.

तृप्ती: एक शब्द हलला न्हाई, सर.

धर्मराज: एक शब्द वेगळा आहे. तुझ्यात नाही, जुन्यात. ‘मी तिच्या पाठीवर हात ठिवला तं ती थंडगार.’

चांगुणाबाई: थंडगार?

धर्मराज: हो. त्या प्रबंधात तसं आहे.

चांगुणाबाई: न्हाई न्हाई. गरम. माझी सासू असा हात झटकून दाखवायची. जिती हाय म्हणूनच तं गरम. थंड मढं आसतं. थंड आसती तं सासूनं घरी कशाला आणली आसती? कुणी थंड केली माझी नदी?

तृप्ती: सांगा ना सर. कुणी केली?

धर्मराज: मी.

तृप्ती: मी म्हणजे?

धर्मराज: मी केली, माय. माझे गाइड म्हणाले, नदी गरम कशी असेल, तुझ्या ऐकण्यात चूक झाली, नीट कर. मी नीट केली.

तृप्ती: तुम्ही? म्हणजे हा प्रबंध...

धर्मराज: माझा आहे. उघड पहिलं पान, नाव आहे.

तृप्ती: सर, तुम्ही सकाळी, ह्याच जागेवर उभं राहून...

धर्मराज: हो.

तृप्ती: दुसऱ्याच्या शब्दाला त्याचं नाव लावणं म्हणजे माणुसकी, असं म्हणले तुम्ही. मी वहीत लिहून घेतलं. खाली रेघ मारली. अन् मघापासून मी इथं शिव्या देऊन राह्यले तर तुम्ही हो ला हो करून राह्यले!

धर्मराज: शिव्या बरोबर होत्या.

तृप्ती: नाव का न्हाई लिहिलं? तेवढं सांगा मला.

धर्मराज: माहीत नव्हतं.

तृप्ती: तिच्या घरी जाऊन एवढं लिहून आणलं अन् नाव माहीत न्हाई?

धर्मराज: चार दिवस राहिलो त्यांच्याकडं. सगळा गाव माय म्हणायचा, मीही माय म्हणालो. पहिल्या दिवशी विचारायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताटात दुधात कुस्करून भाकर दिली. आता सांग, त्याच्यानंतर कुठल्या तोंडानं विचारू, की माय, तुमचं नाव काय? लाज वाटली. म्हटलं, निघताना कुणाला तरी विचारू. निघताना गाडीची घाई. लिहायला बसलो तेव्हा कळलं, ज्या बाईच्या शब्दांवर माझं सगळं उभं आहे, तिला मी काय म्हणून लिहू? जाऊन यायला एक दिवस लागला असता. नाही गेलो. ‘एक वृद्ध स्त्री’ लिहिलं आणि बांधणीला दिलं. नंतर ही नोकरी लागली. गेली सात वर्षं पोरांना स्रोत कसा लिहायचा ते शिकवतो, अन् दर वेळी माहितीदाराच्या नावाशी आलो की घाईनं पुढं जातो.

चांगुणाबाई: पोरी, जरा हो बाजूला. त्याला उजेडाकडं तोंड करू दे.

धर्मराज: माय...

चांगुणाबाई: तू पेरू आणल्ते पिशवीभर. शहागडचे. आतून लाल.

धर्मराज: हो.

चांगुणाबाई: बारीक व्हतास. मिशी बी धड फुटली न्हवती. आता लई भरलास. रातभर कंदिलाशी लिवत बसायचास अन् सकाळी उठायला नगं तुला.

धर्मराज: तुम्हाला राग नाही आला?

चांगुणाबाई: नावाचा? माझं नाव घेऊन कोण हाक मारतं आता? शेजारच्या हिच्या आज्याला ठावं व्हतं, तो बी गेला. पर नदी थंड करायची न्हवती तू. ते मला बरं वाटलं न्हाई.

धर्मराज: चुकलो.

चांगुणाबाई: चुकलास खरा. अन् तुझं घ्यायला बी आला न्हाईस.

धर्मराज: माझं काय?

चांगुणाबाई: सपान तुझं. हाय ना माझ्यापाशी.

धर्मराज: मी कधी दिलं?

चांगुणाबाई: निघायच्या सकाळी. चहा ठिवला तं तू म्हणला, थांब माय, मला आधी सांगू दे. रडलास किती! दाराची चौकट धरून उभा व्हतास.

धर्मराज: मला काहीच आठवत नाही.

चांगुणाबाई: आठवंल कसं? देऊन टाकलंस ना.

तृप्ती: सर, एक मिनिट. पेरूवाला मुलगा? ते माझ्या प्रकरणात हाय! स्वप्न क्रमांक सात. माय म्हणली, कुणी एक पोरगा आल्ता, नाव ठावं न्हाई. मी ‘एक अज्ञात तरुण’ असं लिहिलंय. पान एकशे एकोणतीस, उघडू का?

धर्मराज: नको. थांब. वाचायला नको.

तृप्ती: मंग?

धर्मराज: मागावं लागतं, असंच ना माय?

चांगुणाबाई: तसंच. तोंडानं मागायचं. पर इच्यार कर. हलकं न्हाई ते. सोळा वर्सं मी वागवलंय म्हणून सांगते.

धर्मराज: द्या मला.

चांगुणाबाई: हात पुसून घे. बस खाली. न्हाई, खुर्चीवर न्हाई, खाली बस. तृप्ते, दार लोट गं ते. हां. ऐक. मोठं घर व्हतं. भिंती न्हवत्या, पुस्तकाच्याच भिंती. त्याच्यात माझी आई बसल्याली, मांडी घालून. पेरूचं टोपलं शेजारी, एक बी इकला न्हाई. एकेक पुस्तक उघडायची, पानावर बोट फिरवायची, मिटायची, दुसरं घ्यायची. मी म्हणलं, आई, हायवेच्या गाड्या निघून चालल्या, तू इथं काय करून राह्यली? तुला कुठं वाचता येतं? ती म्हणली, वाचून कुठं राह्यले. माझं नाव कुठं हाय का, ते बघून राह्यले. मी म्हणलं, आई, तुझं नाव दिसतं कसं, ते तरी ठावं हाय का तुला? ती म्हणली, तू शिकलास, पर दाखवलं न्हाईस. मंग मी फरशीवर लिवाया बसलो तं बोट उमटंना. ती वाट बघून राह्यली. मी लिवून राह्यलो. बोट उमटंना. झालं. बराबर हाय का?

तृप्ती: सर.

चांगुणाबाई: त्याला बोलू दे, बाई. बराबर म्हणल्याशिवाय ते त्याचं व्हत न्हाई.

धर्मराज: बराबर.

चांगुणाबाई: घे मंग. तुझं तुला.

धर्मराज: त्याच साली गेली ती, माय. पावसाळ्यात. पुलापाशी पेरू विकायची, ट्रकवाले नाव घेऊन हाक मारायचे तिला, लांबून. अन् मी तिला सही करायला पण शिकवलं न्हाई. रेशनच्या कार्डावर अंगठाच व्हता शेवटपर्यंत. म्हणायची, शिकव. मी म्हणायचो, परीक्षा झाल्यावर.

चांगुणाबाई: मला तू सांगितलं न्हवतंस हे. निस्तं सपान सांगितलंस.

धर्मराज: मी असा बोलायचो का, माय? ‘करून राह्यली’, ‘व्हती’?

चांगुणाबाई: आत्ता बी तसाच बोललास की.

तृप्ती: सर, रुमाल घ्या. स्वच्छ हाय.

धर्मराज: दे. तृप्ती, दीड वाजत आला. ते लोक जेवून येतील. तू बस संगणकासमोर, मी सांगतो, तू टाइप कर.

तृप्ती: तुम्ही बसा ना जरा. पाच मिनिटांनी करू.

धर्मराज: नको. सोळा वर्षांत असली बरीच पाच मिनिटं गेली. लिही. ‘सन दोन हजार नऊच्या माझ्या प्रबंधात जे कथन आहे, ते माझं नाही. ते टेंभुर्णी, तालुका जाफराबाद इथल्या...’ माय, तुमचं नाव काय?

चांगुणाबाई: हिला ठावं हाय की.

धर्मराज: ती सांगेल. मला तुम्हाला विचारायचंय.

चांगुणाबाई: चांगुणा. चांगुणाबाई संपत अंभोरे. माहेरची बी चांगुणाच. बदललं न्हाई कुणी.

धर्मराज: ‘...चांगुणाबाई संपत अंभोरे यांचं आहे. त्यांचं नाव मी लिहिलं नाही. एक शब्द मी परस्पर बदलला. मूळ शब्द गरम असा आहे. आज त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकून, ओळ न् ओळ ताडून, मी हे लिहून देत आहे. तृप्ती यांच्या प्रकरणातलं कथन मुळाबरहुकूम आहे.’

तृप्ती: सर, हे कागद तुमच्या फायलीला लागतील. वरच्या ऑफिसातून विचारणा होईल. तुमच्या एम.फिल.ची वेतनवाढ हाय ना पगाराला लागलेली.

धर्मराज: होऊ दे विचारणा. उत्तर माहीत असलेला प्रश्न आहे. दोन प्रती काढ. एक तुझ्या प्रमाणपत्राला जोडू, एक माझ्या प्रबंधात पहिल्या पानाच्या आधी चिकटवू. कपाटातल्यातही आणि संगणकातल्यातही.

तृप्ती: अन् दुपारच्या सत्राला काय सांगायचं? सगळ्यांना वाटून राह्यलं, मी चोर हाय.

धर्मराज: हेच पडद्यावर लावून दाखवणार आहे. डावीकडं तुझं, उजवीकडं माझं. राधेश्यामला पुढच्या बाकावर बसवू. आण ते प्रमाणपत्र, सही करतो.

तृप्ती: झाली?

धर्मराज: झाली. शिक्का वाळू दे. आणि माय, माझं बोलणं अडीचला संपेल, तीन वाजता डोळ्याच्या डॉक्टरकडं मी येतो सोडायला. ही इथलं सत्र बुडवणार नाही.

चांगुणाबाई: ये. पर मी पुढं न्हाई बसायची गाडीत, मला भ्या वाटतं.

तृप्ती: सर, एक राहिलं. माझ्या प्रबंधाच्या प्रती छापायच्या आधी विचारून घेते. स्वप्न क्रमांक सात. आता ‘अज्ञात तरुण’ कसं ठेवू?

धर्मराज: काय लिहिलंयस तिथं सगळं?

तृप्ती: तक्ता हाय. गाव, साल, अन् नाव. नावाला एकच रकाना हाय. तुमचं टाकू ना?

धर्मराज: गाव शहागड टाक. साल दोन हजार नऊ. नाव, सगुणाबाई.

तृप्ती: सगुणाबाई म्हणजे तुमची आई? पण सपान तर तुम्हाला पडल्तं, सर. नियमानं...

चांगुणाबाई: लिव गं बाई. अन् मोठं लिव. तिला वाचता येत न्हाई.